हातातलं सुडोकू मशीन : कोणी वापरलंय का? खेळायला कसं आहे?

केळीबागवाली (भुसावळ)
मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचे अप्पा रेल्वेतून रिटायर झालेले. सकाळी पेपर आला की आधी सुडोकू, मग राजकारण, असा वर्षानुवर्षांचा क्रम. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिसतं आता छान, पण पेपरातल्या त्या चिमुकल्या घरांमध्ये पेनाने अंक बसवताना वैतागतात. मोबाईलवर टाकून दिलं तर मध्येच जाहिरात, मध्येच कुणाची लग्नपत्रिका, मध्येच गुड मॉर्निंग. परवा चिडून फोन पलंगावर टाकला आणि म्हणाले, "मला खेळायचंय, संस्था चालवायची नाहीये."

तर ते हातात धरायचं, बटणांचं, सेलवर चालणारं सुडोकू मशीन मिळतं ना, ते घ्यावं म्हणते. कोणी वापरलंय का? किती हजार कोडी आहेत वगैरे डब्यावर लिहिलेलं असतंच. मला खेळायला कसं वाटतं ते सांगा. वैताग येतो का?

रिकामटेकडा
फोन फ्लाइट मोडवर टाका. धागा संपला. 😀

केळीबागवाली
@रिकामटेकडा, तेही करून झालं. फोन लागेना म्हणून आत्या घाबरून रिक्षा करून घरी आली. तिला जेवायला थांबवावं लागलं.

तापीकाठी (जळगाव)
ताई, आमच्याकडे दोन होती. एक बटणांचं, एक काडीने स्क्रीनवर टोचायचं. सविस्तर लिहितो, कारण दुकानात कोणी हे सांगत नाही.

बटणांच्या मशीनमध्ये चार बाण असतात. बाणांनी घर गाठायचं, मग १ ते ९ पैकी बटण दाबायचं. ऐकायला सोपं आहे. पण वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जायचं तर आठ वेळा उजवीकडे आणि आठ वेळा खाली. चांगल्या मशीनमध्ये कडेवर आणखी एकदा दाबलं की निवडलेल्या घराची चौकट पलीकडच्या कडेला निघते, म्हणजे तेच काम दोन दाबांत. बाण दाबून धरल्यावर चौकट पळते का तेही बघा. पळत नसेल तर अर्ध्या तासात अंगठा भरून येतो. काही स्वस्तातल्या मशीनमध्ये नऊ बटणंच नसतात. एकच बटण दाबत बसायचं, १, २, ३ करत ९ पर्यंत. हवा तो अंक हुकला की परत पूर्ण फेरी. तसलं कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

खरी गोम आहे कच्च्या अंकांची. पेपरवर आपण घराच्या कोपऱ्यात बारीक लिहून ठेवतो ना, इथे ४ किंवा ७, तशी सोय मशीनमध्ये आहे का? बऱ्याच मशीनमध्ये नसते, किंवा असते ती एका घरात दोन-तीन अंकांपुरती. सोपं कोडं त्याशिवाय सुटतं. अवघड कोडं कच्च्या अंकांशिवाय सोडवायचं म्हणजे सगळं डोक्यात धरून बसायचं. माझे वडील शेवटी शेजारी वही घेऊन बसायचे. मशीन मांडीवर, वही पाटावर. मग मशीन कशाला, असं आई विचारायची.

काडीवालं चपळ, पण काडी हरवते. आमची कपाशीच्या ट्रॉलीत गेली ती गेलीच.

भरीतभाकर
+१. कच्च्या अंकांवरच सगळं आहे. बाकी डब्यावरचं सगळं शोभेचं.

कपाशी
आमना आबा म्हणतस, "पेन्सिल दे, कागद दे, बाकी काय नही लागस." 😀

डागवाला_धुळे
पाचकंदील भागात रिपेरिंगचं काम करतो, अशी मशीन अधूनमधून टेबलावर येतात. खेळतो कमी, उघडतो जास्त, त्यामुळे माझं म्हणणं वेगळं.

यांच्या स्क्रीनवरचा अंक बहुतेक वेळा सात काड्यांचा, म्हणजे सात छोट्या रेघांचा असतो, कॅल्क्युलेटरसारखा. ८१ घरं, प्रत्येकी ७ काड्या, म्हणजे ५६७ काड्या. त्यातली एखादी जरी मेली तरी डाव बिघडला. ८ ची मधली काडी गेली की ० दिसतो, तो एक वेळ लक्षात येतो, कारण सुडोकूत शून्य नाही. पण ८ ची उजवी वरची काडी गेली की चक्क ६ दिसतो आणि खालची डावी गेली की ९. माणूस तासभर डोकं खाजवतो आणि चूक कोड्यात समजतो. म्हणून विकत घेताना चालू करून, सगळ्या घरांत ८ दाखवणारी चाचणी असेल तर ती बघा. बरीच मशीन सेल टाकल्या टाकल्या क्षणभर सगळ्या काड्या पेटवून दाखवतात.

काड्या जातात त्या काचेमुळे क्वचित. काच आणि सर्किटच्या मध्ये एक काळ्या-पिवळट रेघांची रबरी पट्टी असते, आम्ही तिला झेब्रा म्हणतो. मशीन पडलं किंवा आत धूळ गेली की तिची पकड सुटते आणि आख्खी ओळ गायब होते. उघडून, पट्टी आणि तिच्याखालचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, स्क्रू सारखे आवळले की बहुतेक वेळा परत येतं. एका बाजूचे स्क्रू जास्त आवळले तर दुसरी बाजू उचलते, हे घरी उघडणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आता आपल्याकडचा खास प्रकार. एप्रिल-मे मध्ये मशीन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, पत्र्याखालच्या खिडकीतही नको. या काचेत जो द्रव स्फटिक असतो, तो ठरावीक तापमानाच्या वर गेला की त्याची रचना मोडते आणि साधं पातळ द्रव्य होतं. मग पूर्ण स्क्रीन काळी. लोक घाबरून घेऊन येतात. सावलीत ठेवलं की आपोआप परत येतं, मी पैसे घेत नाही. त्याच्या आधीची पायरी जास्त त्रासदायक आहे. उन्हाळ्याच्या दुपारी नुसत्या घरातल्या गरमीनेही बंद काड्या पुसट दिसायला लागतात आणि प्रत्येक रिकाम्या घरात भुताचा ८ उभा राहतो. कॉन्ट्रास्ट कमी करायची सोय असेल तर भूत जातं. नसेल तर कूलरसमोर बसा.

रिकामटेकडा
भुसावळचा मे आणि ८१ भुतं. घ्याच ताई. 😀

अमळनेरी
डागवालाभाऊ, सेलबद्दल पण सांगा. आमचं एक मशीन सेल फुटून गेलं.

डागवाला_धुळे
महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, एवढंच. साधे कार्बनचे स्वस्त सेल लवकर पाझरतात. अल्कलाइनचा पांढरा थर असेल तर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने ओला बोळा करून पुसा, मग कोरड्या फडक्याने. स्प्रिंग हिरवी होऊन खाल्ली गेली असेल तर बदलावीच लागते, पण ती कुठेही मिळते.

शहाद्याची_सून
आमच्या सासूबाई वापरतात. कच्च्या अंकांबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, पण त्यांचं मत उलट आहे. त्यांना ते नकोच वाटतं, सोपीच पातळी आवडते. चुकीचा अंक टाकला की मशीन पीं करून वाजतं, ते त्यांना फार आवडतं. दुपारी देवघरातून पीं पीं ऐकू आलं की कळतं, बाई जाग्या आहेत.

पाटणादेवीचा_मास्तर (चाळीसगाव)
गणित शिकवतो, म्हणून दोन-तीन गोष्टी.

ते 'पीं' दोन तऱ्हेचं असतं आणि फरक मोठा आहे. एका मशीनमध्ये तुम्ही नियम मोडला तरच वाजतं, म्हणजे त्याच ओळीत, उभ्या रांगेत किंवा तीन बाय तीनच्या पेटीत तो अंक आधीच असेल तर. हे ठीक. नजरचूक झाली, मशीनने सांगितलं. दुसऱ्या तऱ्हेत मशीन तुमचा अंक आतल्या उत्तराशी ताडून बघतं आणि जुळला नाही की लगेच ओरडतं. त्यात तर्क उरतच नाही. कोणत्याही घरात १ पासून टाकत जा, जिथे गप्प बसेल ते उत्तर. अप्पांसारखा जुना खेळाडू अशा मशीनवर दोन दिवसांत कंटाळेल. आवाज बंद करून भागत नाही, कारण काही ठिकाणी आवाज बंद केला तरी अंक लुकलुकतो. तपासणीच बंद करता येते का ते विचारा.

दुसरं, 'अवघड' पातळी. बरीच स्वस्त मशीन दिलेले अंक कमी केले की कोडं अवघड झालं असं धरतात. तसं नसतं. २४ अंक दिलेलं कोडं सरळ सुटू शकतं आणि ३० अंकांचं घाम काढू शकतं. पुढची पायरी शोधायला कोणती युक्ती लागते, यावर अवघडपणा ठरतो. किमान किती अंक द्यावे लागतात, याचं उत्तर १७ आहे. १६ अंकांचं एकच उत्तर असणारं कोडं अस्तित्वात नाही, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं.

तिसरं, डब्यावरच्या 'लाखो कोडी'. एकच कोडं घ्या. सगळ्या १ च्या जागी ५ लिहा, ५ च्या जागी ८, असं नऊही अंकांची अदलाबदल करा. ३,६२,८८० वेगवेगळी दिसणारी कोडी झाली, पण सोडवायची वाट तीच. वर ओळींची आणि पेट्यांच्या पट्ट्यांची अदलाबदल, आरशातलं रूप, हे सगळं धरलं तर एका कोड्यातून सुमारे १ लाख २२ हजार कोटी रूपं निघू शकतात. तेव्हा आकड्यावर जाऊ नका.

भरीतभाकर
म्हणजे ब्रिक गेमचंच झालं! डब्यावर '९९९९ इन १' आणि आत विटा, साप, रणगाडा आणि मोटार. बाकी सगळे नुसते वेग बदललेले.

तापीकाठी
😀 ९९९९ वा गेम बघायला मी बाण दाबत बसलो होतो लहानपणी. तिथेही विटाच होत्या.

अमळनेरी
मास्तर, ३,६२,८८० म्हणजे ९ चं फॅक्टोरियल, १ ते ९ चा गुणाकार ना? हातासरशी सुडोकूवरून भास्कराचार्यांवर याल अशी शंका आहे.

पाटणादेवीचा_मास्तर
आता तुम्ही म्हणालातच तर. 😀 भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात (११५०) शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे, अंकांच्या मांडण्या मोजण्याचं. त्यात एक उदाहरण आहे. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू, पाश, अंकुश, साप, डमरू वगैरे. त्या हाताहातांत बदलल्या तर मूर्तीची रूपं किती? उत्तर ३६,२८,८००, म्हणजे १० चं फॅक्टोरियल. सुडोकूत नऊच अंक आहेत म्हणून त्याचा दहावा भाग. हे आमच्या पोरांना सांगितलं की फॅक्टोरियल पुन्हा विसरत नाहीत.

आणि हो, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणचाच आहे, १२०७ चा. इथून गाडीने फार वेळ नाही. पावसाळ्यात या, धबधबाही आहे.

कपाशी
येतो मास्तर. जेवण कुठे?

संपादक
धागा सुडोकू मशीनचा आहे. शेवभाजीच्या धाग्यावर कालच दोनशे प्रतिसाद झालेत, कृपया तिकडे.

अमळनेरी
अवांतर सुरूच आहे तर माझंही घ्या. सगळ्यात भारी हातातला अंकांचा खेळ म्हणजे दुकानातला साधा कॅल्क्युलेटर. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा ६१७४ आठवतोय का? कोणताही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते लावा, चढते लावा, वजा करा, हेच परत करा. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येतोच. कापूस जिनिंगच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसून मी हा खेळायचो. सेल लागत नाही, सौरवर चालतो, भूत दिसत नाही.

शहाद्याची_सून
मास्तर, तुमचं वाचून सासूबाईंचं मशीन तपासलं. आमचं नियम मोडल्यावरच वाजणारं निघालं. म्हणजे त्या काही चोरून खेळत नाहीत. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मला आधीच माहीत होतं, तुला आज कळलं."

पाटणादेवीचा_मास्तर
सासूबाईंना नमस्कार सांगा.

भरीतभाकर
पंधराचा सरकपट्ट्यांचा डाव कोणाकडे होता का? चार बाय चारच्या प्लास्टिकच्या चौकटीत १ ते १५ आणि एक घर रिकामं. माझ्या मोठ्या भावाने नखाने १४ आणि १५ च्या पट्ट्या उपसल्या, अदलाबदल करून परत बसवल्या आणि मला म्हणाला, लाव. अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गेली. चौकटीचा एक कोपरा चावून पांढरा पडला होता.

पाटणादेवीचा_मास्तर
तुमच्या भावाने केलं ते अमेरिकेत सॅम लॉइड या कोडीकाराने हजार डॉलरचं बक्षीस लावून केलं होतं. सुटतच नाही ते. दोनच पट्ट्या बदलल्या की मांडणी दुसऱ्या गटात जाते आणि सरकवून या गटातून त्या गटात जाता येत नाही. शक्य मांडण्यांपैकी बरोबर निम्म्या कधीच सुटत नाहीत. १८८० च्या सुमारास तिकडे लोक या डावाने वेडे झाले होते. इलेक्ट्रॉनिकमध्ये मशीन सुटलेल्या डावावरूनच सरकवत पिसतं, म्हणून तिथे ही फसवणूक होत नाही.

भरीतभाकर
भावाला आत्ताच फोन लावतोय.

रिकामटेकडा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

तापीकाठी
मूळ मुद्द्याकडे येऊ या. ताई, परदेशातून कोणी येणार असेल तर जुन्या निन्टेन्डो डीएस या हातातल्या गेम मशीनवर ब्रेन एज नावाचा खेळ मिळतो का बघायला सांगा. २००६ च्या इंग्रजी आवृत्तीत सुडोकू आहे. काडीने स्क्रीनवर हाताने अंक लिहायचा, तो ओळखतो, कच्चे अंकही लिहिता येतात. खेळायला मी बघितलेल्यात तेच सगळ्यात सरस. फक्त स्क्रीन लहान आहे, अप्पांच्या डोळ्यांना बघा चालतं का.

ते जमत नसेल तर माझं बटणांचं मशीन आठवडाभर नेऊन बघा. कपाटात पडलंय. मी तसाही भुसावळला ये-जा करतो.

केळीबागवाली
दादा, खरंच आणाल का? घेण्याआधी त्यांच्या हातात देऊन बघायचंच आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

केळीबागवाली
उशिरा लिहितेय. तापीकाठीदादांनी मशीन आणून दिलं, अप्पांनी त्यांना चहा पाजून रेल्वेचा सगळा इतिहास ऐकवला, त्याबद्दल दादांचे डबल आभार.

अप्पांचा रिपोर्ट असा. अंक मोठे आहेत, डोळ्यांना ताण नाही. मागचा दिवा असल्यामुळे लाइट गेली तरी खेळता येतं, हे त्यांना सगळ्यात आवडलं. आवाज पहिल्याच दिवशी बंद केला. तपासणी बंद करता येते, तीही केली. कच्चे अंक एका घरात दोनच बसतात, त्यावर दिवसभर कुरकुर. आणि सेल बदलल्यावर अर्धवट कोडं पुसलं गेलं, त्या दिवशी घरात कोणी बोललं नाही.

पण मोठी तक्रार वेगळीच आहे. म्हणतात, मशीनच्या कोड्यात मजा नाही, अंक कसेही शिंपडलेत. पेपरातलं बघ, दिलेले अंक कसे समोरासमोर, रांगोळीसारखे असतात. मास्तर, असं काही असतं का, की उगाच?

पाटणादेवीचा_मास्तर
उगाच नाही, अप्पांची नजर पक्की आहे. दिलेल्या अंकांच्या जागा अर्ध्या वर्तुळात फिरवल्या तरी तशाच राहाव्यात, ही रीत जपानच्या निकोली कंपनीने पाडली. त्यांनी १९८४ पासून हा खेळ छापला, सुडोकू हे नावही त्यांचंच, आणि त्यांची कोडी माणसं हाताने रचतात. मूळ खेळ मात्र अमेरिकेतला, हॉवर्ड गार्न्स यांचा, १९७९ मध्ये 'नंबर प्लेस' नावाने छापलेला. हाताने रचणारा माणूस तुम्ही कुठून शिरणार, कुठे अडणार याचा विचार करून अंक ठेवतो. मशीन उत्तराची जाळी भरतं आणि उत्तर एकच राहील तोवर अंक खोडत जातं. ही सममिती राखायचा प्रोग्रॅमही लिहिता येतो, स्वस्त मशीनवाले ते कष्ट घेत नाहीत.

पेपरातलीही बरीच कोडी संगणकाचीच असतात बरं. जगभर ही साथ पसरली ती २००४ मध्ये लंडनच्या टाइम्सपासून, आणि तिथली कोडी वेन गूल्ड या निवृत्त न्यायाधीशांच्या प्रोग्रॅमने तयार केलेली होती. त्यामुळे रांगोळी दिसली म्हणून हाताचं असेलच असं नाही.

शहाद्याची_सून
मग पेपरातलंच कोडं झेरॉक्सवाल्याकडून मोठं करून आणा ना. एका कागदावर एक. घरं चांगली बोटभर होतात, कच्चे अंक हवे तेवढे. आमच्या सासूबाईंच्या मैत्रिणीसाठी तिचा नातू करतो.

केळीबागवाली
हे डोक्यातच आलं नव्हतं. सध्या सकाळी मोठी झेरॉक्स आणि रात्री लाइट गेली की मशीन, असं चाललंय. मशीन आम्ही नवीनच घेतोय, दादांचं परत करायचंय. तपासणी बंद होणारं आणि दिव्याचं, एवढ्या दोन अटी ठेवल्यात. रबरी बटणांपेक्षा कडक बटणं बरी का?

तापीकाठी
कडक बरी. दाबल्याचं बोटाला कळतं, दोनदा पडत नाही. आणि माझं परत करायची घाई नाही.

केळीबागवाली
डागवालाभाऊ, एक शेवटचं. चार्जिंगचे सेल घातले तर चालतील? रोज दिवा लावून खेळतात, सेल भराभर संपतायत.

डागवाला_धुळे
चालतील. साधा सेल १.५ व्होल्टचा, चार्जिंगचा १.२ चा, त्यामुळे अंक किंचित फिके दिसतील आणि सेल संपत आल्याची खूण लवकर लुकलुकेल. तिकडे लक्ष देऊ नका, कॉन्ट्रास्ट एक घर वाढवा. उन्हाळ्यात तर फिकेच बरे, भुतं कमी दिसतील. जुना-नवा सेल एकत्र घालू नका, आणि सेल बदलायच्या आधी अप्पांना कोडं पूर्ण करू द्या.